परवानगीच्या पलीकडचं आकाश

(पिरंगुट येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. गावातल्या मुलांना विज्ञान मराठीतून समजावं ही त्यांची तळमळ होती, असं निमंत्रण देताना मला सांगण्यात आलं. म्हणून मी विषयही इथलाच निवडला आहे. आपल्या डोक्यावरून जाणारी छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं कोणाच्या परवानगीनं जातात, कोणाच्या नजरेखाली जातात, आणि कुठे ती अगदी एकटी असतात, याबद्दल मी बोलणार आहे. माझी सारी नोकरी विमान वाहतूक नियंत्रणात गेली. त्या कामाबद्दल मला आदर आहे आणि त्याच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी जुहूहून हैदराबादकडे निघालेलं एक हेलिकॉप्टर पौडजवळ कोसळलं. आत चौघे होते, चौघेही वाचले. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सकाळी, जुहूला जाण्यासाठी निघालेलं दुसरं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर थोड्याच वेळात बावधनच्या डोंगराळ भागात कोसळलं. त्यात दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे गेले. पौड आणि बावधन ही दोन्ही ठिकाणं तुमच्या रोजच्या रस्त्यावरची आहेत आणि पिरंगुट त्यांच्या मधोमध आहे. या अपघातांची कारणं ठरवणं हे तपास यंत्रणेचं काम आहे. मी व्यासपीठावरून कोणावर ठपका ठेवणार नाही. पण त्या दिवसांत मला अनेकांनी एकच प्रश्न विचारला: "अहो, परवानगीशिवाय तर कोणी उडत नाही. मग असं होतंच कसं?" आजचं व्याख्यान या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी आकाशाची रचना पाहू. प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात आहे. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमानं घेतली. देशाच्या आकाशाचे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असे चार मोठे उड्डाण माहिती विभाग आहेत. त्यांच्या आत विमानतळांभोवती नियंत्रित क्षेत्रं आखलेली असतात. काही जमिनीपासून सुरू होतात, काही ठरावीक उंचीपासून वर. या क्षेत्रांना रोमन अक्षरांनुसार वर्ग दिले आहेत. मोठ्या विमानतळांभोवती आपल्याकडे 'डी' वर्ग असतो. जिथे कोणाचंच नियंत्रण नाही तो 'जी' वर्ग.

आता पिरंगुटच्या अंगणात उभे राहा आणि वर बघा. पूर्वेला, सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर लोहगाव आहे. १९३९ मध्ये उभारलेला हा तळ आज भारतीय हवाई दलाचा आहे. आपण प्रवासी विमानानं दिल्लीला जातो तेव्हाही तिथलं हवाई नियंत्रण हवाई दलाकडेच असतं, कारण त्याच धावपट्टीवरून सुखोई लढाऊ विमानं उडतात. आग्नेयेला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पाषाणच्या बाजूला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. याच मुळशी तालुक्यात पश्चिमेकडे अँबी व्हॅलीची छोटी धावपट्टी आहे. शेजारच्या मावळात कामशेतला पॅराग्लायडर उडतात, हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. घाटाखाली मुंबईची प्रचंड वर्दळ आहे आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळाची वाहतूकही तिच्यात मिसळली आहे. वरून मोठी विमानं, मधून लष्करी विमानं आणि खालून छोटी विमानं असं हे दाटीवाटीचं आकाश आहे. जमिनीवरून ते फक्त निळं दिसतं.

या दाटीतून चार आसनांचं एक विमान बारामतीहून पुण्याच्या दिशेनं निघतं तेव्हा काय घडतं? आधी उड्डाण आराखडा दाखल होतो. त्यावर दोन क्रमांक मिळवावे लागतात. एक उड्डाण माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षण मंजुरीचा. पडद्यावर उमटणारा ठिपका कोणाचा आहे हे हवाई दलाला आधीच कळावं, यासाठी हा दुसरा क्रमांक असतो. मग रेडिओ. नियंत्रित क्षेत्राच्या सीमेआधीच वैमानिक हाक देतो. मी कोण, कोणतं विमान, कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे जायचं आहे आणि काय हवं आहे, हे सगळं चार वाक्यांत. नियंत्रक त्याला चार अंकी संकेतांक देतो. विमानातल्या ट्रान्सपाँडरवर तो लावला की रडारवरचा मुका ठिपका ओळख आणि उंची सांगू लागतो. शून्य ते सात एवढेच अंक वापरायचे असल्यानं असे ४,०९६ संकेतांक होतात. त्यांतले तीन राखीव आहेत. ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे संकट.

नियंत्रकाची सूचना मिळाली की वैमानिकानं ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. या परतबोलीवर आमचं सारं काम उभं आहे. समोरच्याचं तोंड दिसत नाही, आवाजात खरखर असते, एकाच वारंवारितेवर दहा जण बोलत असतात. अशा वेळी 'हो, समजलं' या उत्तराला काहीच किंमत नसते. उंचीचा आकडा, दिशेचा आकडा आणि हवेच्या दाबाचा आकडा परत ऐकू आला की मगच नियंत्रक पुढच्या विमानाकडे वळतो.

हवेच्या दाबाचा आकडा का, हे सांगायला हवं, कारण ते आपल्या डोंगरांशी जोडलेलं आहे. विमानातलं उंचीमापक हवेचा दाब मोजून उंची दाखवतं. दाब रोज बदलतो, म्हणून त्या वेळचा दाब यंत्रावर लावून घ्यावा लागतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस फुटांचा फरक. आता सिंहगड घ्या. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट. नजरेच्या भरवशावर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठीच्या ठरावीक उंचींपैकी एक आहे ४,५०० फूट. म्हणजे गडावरून जाताना खाली दोनशे फूट उरतात. खरा दाब १००८ असताना वैमानिकानं १०१५ लावला, तर यंत्र ४,५०० दाखवत राहील आणि विमान गडाच्या माथ्याशी टेकलेलं असेल. रेडिओवर ऐकलेला एक आकडा किती मोलाचा असतो, ते यावरून कळावं.

हे नियम कोणी खोलीत बसून हौसेनं केलेले नाहीत. यातला जवळजवळ प्रत्येक नियम माणसं गेल्यावर आला आहे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली आणि १२८ जण गेले. दोन्ही विमानं त्या वेळी अनियंत्रित आकाशात होती आणि एकमेकांना नजरेनं पाहून टाळावं अशी अपेक्षा होती. त्यानंतर तिथे देशव्यापी नियंत्रणाची नवी यंत्रणा उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित क्षेत्रात शिरलं आणि उतरू पाहणाऱ्या प्रवासी विमानावर आदळलं. जमिनीवरच्या पंधरा जणांसह ८२ माणसं गेली. त्या पायपरचा ट्रान्सपाँडर उंची सांगत नव्हता. मग तिथे गजबजलेल्या विमानतळांभोवती उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला आणि मोठ्या विमानांत टक्कर टाळणारं यंत्र आलं.

आपली वेळ १२ नोव्हेंबर १९९६ रोजी आली. दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जम्बो आणि कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं विमान एकमेकांवर आदळलं. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून सोडली जात होती, कारण आजूबाजूचं बरंच आकाश लष्करासाठी राखीव होतं. नियंत्रकानं कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदी विमानाला १४,००० फुटांवर. सूचना बरोबर होत्या. कझाक विमान मात्र ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. दिल्लीच्या रडारला विमानाची उंची स्वतःहून दिसत नव्हती, त्यामुळे नियंत्रकाला ते कळलंच नाही. त्यानंतर आपल्याकडे उंची दाखवणारं रडार आलं, जाण्या-येण्याच्या मार्गिका वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

मुंबईतल्या जुन्या लोकांना आणखी एक घटना आठवत असेल. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझ विमानतळ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. विमान मोडलं, माणसं वाचली. १९५३ मध्ये एका कॉमेट विमानानंही हीच चूक केली होती. १९२८ सालचं जुहू, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते आज देशातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळाच्या कुशीत आहे. तिथून उठणारं प्रत्येक हेलिकॉप्टर मोठ्या विमानांच्या वाटेला लागूनच उठतं. हे रोज, वर्षानुवर्षं, निर्वेध पार पडतं, याचं श्रेय नियंत्रक आणि वैमानिक या दोघांच्या शिस्तीला आहे.

म्हणजे नियंत्रण चालतं. मग आपल्या डोंगरात काय होतं?

मित्रहो, नियंत्रणाची यंत्रणा प्रामुख्यानं विमानाला दुसऱ्या विमानापासून वाचवण्यासाठी उभी राहिली. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला डोंगरापासून आणि ढगापासून वाचवणं ही वैमानिकाची जबाबदारी आहे, आणि कायद्यानंही तसंच मानलं आहे. एवढंच काय, 'डी' वर्गाच्या नियंत्रित क्षेत्रातही अशा विमानाला फक्त इतर विमानांची माहिती मिळते. अंतर राखायचं काम त्याचंच. आणि घाटात कमी उंचीवर रडारला डोंगर आडवे येतात, रेडिओचा आवाज दरीत पोचत नाही. परवानगीचा क्रमांक सांगतो की तुम्ही कोण आहात हे देशाला ठाऊक आहे. ताम्हिणी घाटात ढग कुठे टेकलेत, हे तो सांगत नाही. गडाची प्रवेशपावती फाडली म्हणून पाय घसरायचा राहत नाही.

नजरेनं उडण्याचे नियम साधे आहेत. सर्वसाधारणपणे १०,००० फुटांखाली पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं एक हजार फूट अंतर हवं. हेलिकॉप्टर हळू उडू शकतं म्हणून त्याला काही सवलती आहेत. पण मुळशीचं हवामान या आकड्यांना जुमानत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावरच ढग बनते. पुण्यात लख्ख दिसत असताना मुळशी धरणापलीकडे डोंगराचे खांदेही दिसत नाहीत. पाऊस सरतो आणि ऑक्टोबरच्या सकाळी दुसरा धोका येतो. जमीन ओली, रात्र निरभ्र, वारा पडलेला. मुळशी, पवना, टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या जलाशयांनी हवेत ओलावा भरलेला. पहाटे जमीन गार होते आणि खोऱ्यात धुकं साचतं. तासा-दोन तासांत उन्हानं ते विरतं. या तासा-दोन तासांतच अनेकांना निघायची घाई असते.

धुक्यात शिरल्यावर वैमानिकाला काय होतं, हे तुम्हाला कळायला हवं. आपला तोल कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांभाळतात. हलक्या, सलग वळणाची त्यांना काही वेळानं सवय होते आणि त्या 'सरळ चाललंय' असं सांगू लागतात. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ही चूक लगेच सुधारते. क्षितिज गेलं की शरीर ठामपणे खोटं सांगतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना ढगातल्यासारखी परिस्थिती देण्यात आली. विसांच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. त्या अभ्यासातून पुढे आलेली शिकवण एका ओळीत सांगता येते: दिसेनासं होण्याआधी मागे वळा.

हे एका ओळीत सांगणं सोपं आहे, करणं अवघड आहे. कारण मागे वळणाऱ्या वैमानिकाच्या पाठीशी बहुतेक वेळा कोणी नसतं. मागच्या आसनावर सभेला उशीर झालेले नेते असतात, जुहूला वाट पाहणारे उद्योगपती असतात, लग्नात वधूची पाठवणी हेलिकॉप्टरनं व्हावी असं ठरवलेलं घर असतं. कोणी उघडपणे जबरदस्ती करत नाही. नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी पुरतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की परवानगी जिथे संपते तिथून पुढचं काम आपण हाती घेतलं पाहिजे. त्यातलं काही सरकारनं करायचं आहे, काही विज्ञान संस्थांनी, आणि काही तुम्ही-आम्ही.

पहिलं काम डोळ्यांचं. अमेरिकेतल्या अलास्कात डोंगरी खिंडींमध्ये विमान वाहतूक प्रशासनानं हवामान कॅमेरे बसवले आहेत. वैमानिक निघण्यापूर्वी त्या खिंडीचं ताजं चित्र बघतो आणि जायचं की नाही ते ठरवतो. हे कॅमेरे काही फार गुंतागुंतीचे नाहीत. ताम्हिणी, लोणावळा आणि मुळशी धरण इथे असे कॅमेरे आणि छोटी स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहावीत आणि ती चित्रं प्रत्येक वैमानिकाला मोफत मिळावीत. हे सुचवायला पुण्याइतकी योग्य जागा नाही. १९२८ पासून भारतीय हवामान खात्याचं मोठं केंद्र शिवाजीनगरला आहे. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला, म्हणजे पिरंगुटहून तासाभराच्याही आत आहे. ढगांचा अभ्यास करणारी माणसं आणि ढगांत सापडणारी माणसं एकाच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यातलं अंतर आपण कमी करायला हवं.

दुसरं काम वाटांचं. २०२३ मध्ये पवनहंसच्या हेलिकॉप्टरनं जुहू ते पुणे असं एक प्रात्यक्षिक उड्डाण केलं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेल्या 'गगन' या उपग्रह प्रणालीच्या आधारे, आखून दिलेल्या वाटेनं आणि उंचीनं ते गेलं. आशियातला हा पहिला प्रयोग म्हणून त्याची नोंद झाली. तो आपल्याच घाटावर झाला याचा मला अभिमान आहे. पण प्रात्यक्षिक म्हणजे सुरुवात. अशा वाटा नित्याच्या झाल्या, वैमानिकांना त्यांचं प्रशिक्षण मिळालं आणि हेलिकॉप्टरांत तशी उपकरणं आली, तर ढगाखालून डोंगर चुकवत जाण्याची वेळ कमी येईल. न्यूयॉर्कला हडसन नदीवर ८ ऑगस्ट २००९ रोजी एक छोटं विमान आणि हेलिकॉप्टर आदळून नऊ जण गेले. त्यानंतर तिथे कमी उंचीच्या वाटा, त्यांच्या उंची आणि तिथे काय बोलायचं हे सगळं सक्तीचं झालं. आपण आणखी एका अपघाताची वाट पाहायला नको.

तिसरं काम आकाशातल्या नव्या पाहुण्यांचं. तालुक्यात आता प्रत्येक लग्नाला ड्रोन असतो, शेतात फवारणीला ड्रोन येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले आहेत आणि ते नकाशावर कोणालाही बघता येतात. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर विनापरवाना जाता येत नाही. हेलिपॅडवर उतरणारं हेलिकॉप्टर शेवटी त्याच ४०० फुटांत येतं. ड्रोन उडवणाऱ्या प्रत्येक तरुणानं तो नकाशा एकदा तरी उघडावा. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन खाली घ्यावा. ते आकाश आता तुमच्याही जबाबदारीचं आहे.

चौथं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. जो कोणी हेलिकॉप्टर किंवा छोटं विमान भाड्यानं घेतो, त्यानं त्याच दिवशी गाडीही तयार ठेवावी. वैमानिकाला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावं, "आज जमणार नसेल तर आपण गाडीनं जाऊ." या एका वाक्यानं वैमानिकाच्या मनावरचं ओझं उतरतं. राजकीय पक्षांनी निवडणुकीच्या दौऱ्यांत हा नियम लेखी करावा. हेलिपॅड असलेल्या प्रत्येक हॉटेल, क्लब आणि फार्महाउसनं पहाटेच्या उड्डाणापूर्वी किती अंतरावरचं दिसतंय ते पाहून नोंदवणारा प्रशिक्षित माणूस ठेवावा. आणि ज्या दिवशी वैमानिक 'आज उडत नाही' म्हणतो, त्या दिवशी त्यानं आपलं काम चोख केलं, असं आपण मानायला शिकावं.

इथे बरीच तरुण मुलं-मुली बसली आहेत. बारामतीला, धुळ्याला, शिरपूरला, गोंदियाला आज महाराष्ट्रातली मुलं विमान चालवायला शिकतात. तुमच्यातून कोणी वैमानिक होईल, कोणी नियंत्रक होईल. वैमानिक झालात तर ऐकलेलं परत म्हणा, न समजलेलं पुन्हा विचारा, आणि दिसेनासं होण्याआधी वळा. नियंत्रक झालात तर लहान विमानाच्या चाचरत्या आवाजालाही मोठ्या विमानाइतकाच वेळ द्या. तो आवाज चाचरतोय म्हणजे त्याला तुमची जास्त गरज आहे.

शेवटी तुमच्या ग्रामपंचायतीकडे आणि तालुक्याच्या लोकप्रतिनिधींकडे माझी एक मागणी आहे. घाटात हवामान कॅमेरे बसवावेत असा ठराव पिरंगुटनं करावा आणि तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आणि हवामान खात्याकडे पाठवावा. शेजारच्या गावांनाही सोबत घ्यावं. पौड आणि बावधनच्या दोन्ही अपघातांमध्ये सर्वांत आधी धावून जाणारे याच परिसरातले लोक होते. मदतीला धावणाऱ्यांना अपघात टळावा अशी मागणी करण्याचा पहिला हक्क आहे. मसुदा करायला लागणारी सगळी तांत्रिक मदत मी आनंदानं देईन.